झोळीची घडी

मी पेटी बोलतेय. पेटी म्हटलं की कुणाला गाणं आठवतं, कुणाला दागिने. माझ्या पोटात यातलं काहीच नाही. कापूस आहे, जंतुनाशकाची बाटली आहे, कसलीच धार नसलेली एक कात्री आहे, आणि दुखण्यावर मारायचा एक फवारा आहे. त्या फवाऱ्याचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. खुर्च्यांच्या कारखान्यात, जोडणी विभागाच्या भिंतीवर टांगलेली मी प्रथमोपचार पेटी.

तुम्हाला वाटत असेल, भिंतीवरच्या वस्तूला काय कळतं? सगळं कळतं, बाबांनो. फक्त विचारत कुणी नाही.

माझा जन्म याच कारखान्यातला. खरं तर बाजारातून पत्र्याची पेटी आणायचं ठरलं होतं. पण पटाशीकाका अडून बसले. "लाकडात आयुष्य काढणारी माणसं आपण, आणि पेटी पत्र्याची? लोक हसतील!" पटाशी म्हणजे लाकडात खाच पाडायचं हत्यार. ते या काकांच्या हातात असं चालायचं की त्यांचं खरं नाव सगळे विसरूनच गेले होते. खुर्च्यांच्या पाठीतून उरलेल्या फळ्या त्यांनी गोळा केल्या आणि जेवणाच्या सुट्टीत, चार दिवसांत मला उभं केलं. माझ्या कोपऱ्यांत एकही खिळा नाही. दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तशा माझ्या फळ्या एकमेकींत बसल्या आहेत. त्यातली प्रत्येक खाच काकांच्या उजव्या अंगठ्याच्या जोरावर पडली. त्या अंगठ्याच्या बुडाशी पस्तीस वर्षांच्या कामाचा घट्टा होता. मला तो आतून-बाहेरून ठाऊक आहे.

म्हणजे मीही त्यांची लेकच म्हणायची. थोरली लेक याच कारखान्याच्या ऑफिसात होती, तात्पुरती. दोन दिवसांचं प्रशिक्षण करून आली आणि सुरक्षेचं काम तिच्याकडे आलं. माझी किल्ली तिच्या गळ्यात अडकली. प्रशिक्षणातून तिनं एक छापील कार्ड आणलं होतं, तेही तिनं माझ्या पोटात ठेवलं. कुठल्या दुखापतीला काय करावं आणि काय मुळीच करू नये, असं सगळं त्यावर स्पष्ट लिहिलेलं. महिन्याभरात ते कापसाच्या गुंडाळीखाली गेलं.

बापलेकीचा एक नियम होता. गेटच्या आत शिरलं की ती त्यांना सगळ्यांसारखं "काका" म्हणायची आणि ते तिला "मॅडम". हा "मॅडम" ऐकण्यासारखा असायचा. अभिमानानं ऊर भरून यायचा त्यांचा. चार माणसं ऐकतील इतक्या मोठ्यानं म्हणायचे, "मॅडम, जरा एक पट्टी द्या." आणि सुट्टीचा भोंगा झाला की माझ्यासमोर येऊन तिच्या खांद्यावरची पिशवी स्वतःकडे घ्यायचे आणि हळूच म्हणायचे, "चल चिमणे." दिवसातलं एवढंच ऐकायला मला बरं वाटायचं.

मग माझ्या शेजारी ती पाटी आली.

पत्र्याची, हिरवी, चकचकीत. "या कारखान्यात ... दिवस अपघात नाही." मधल्या जागेत तीन खिळे आणि त्यांवर आकड्यांचे पत्रे. रोज सकाळी लेक यायची, जुना आकडा काढून नवा लावायची. तीनशे पासष्ट भरले की आमच्या खुर्च्या घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे लोक येणार, कारखान्याला मानाची ढाल मिळणार आणि लेकीला कायम करणार, असं सुपरवायझर साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं.

आता अपघात कशाला म्हणायचं? माणूस दवाखान्यात गेला किंवा एक दिवस जरी घरी बसला, तर अपघात. माझ्या पोटातल्या वस्तूंवर भागलं आणि माणूस परत कामाला लागला, तर ते किरकोळ. नियम छापील होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण त्या दिवसापासून माझ्यासमोर उभा राहणारा माणूस बदलला. पूर्वी माणसं आपल्या दुखण्याकडे बघत यायची, आता पाटीकडे बघत यायला लागली. हातोडी बोटावर बसली की पहिला शब्द "आई गं", आणि दुसरा, "काही नाही, काही नाही." थट्टाही चालायची. "मरायचं असेल तर रविवारी मर रे बाबा, आकडा नको बिघडवूस." सगळे खो खो हसायचे. मीही एकदा हसले होते. आज लाज वाटते.

पाटीवर तीनशे नऊ होते त्या दिवशी काका पडले.

कुणीतरी पॉलिश सांडलं होतं, त्यावर भुसा टाकून झाकलं होतं. हातात खुर्चीचा सांगाडा घेऊन काका त्यावरून गेले आणि पाय सटकला. सांगाडा वाचवायला गेले आणि सगळं अंग उजव्या तळव्यावर आलं. उठले, कपडे झटकले, डाव्या हातात उजवा हात धरून माझ्यासमोर आले. चेहरा पांढरा पडला होता, पण तोंडावर हसू. "मॅडम, जरा बघा बरं. मुरगळलं वाटतं."

लेकीनं मला उघडलं. प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं तिनं त्यांचं मनगट हातात घेतलं, बोटं हलवून पाहिली आणि मग अंगठ्याच्या बुडाशी जो खळगा असतो तिथं दाबलं. काकांनी श्वास आत ओढला. ओरडले नाहीत, पण मला तो श्वास ऐकू आला आणि तिलाही. तिचा हात कार्डाकडे गेला नाही, कारण कार्डावरचं ते वाक्य तिला पाठ होतं. इथं दाबल्यावर दुखलं तर हाड मोडलेलं असू शकतं. हात हलू न देता बांधावा, एक्स-रे काढावा, वेदनाशामक देऊन कामावर पाठवू नये.

तिनं माझ्या पोटातून त्रिकोणी कापड काढलं. हात गळ्यात अडकवायची झोळी. तुम्हाला सांगते, माझ्याकडच्या सगळ्या वस्तूंत दुखणं खरं कमी करणारी वस्तू तीच. मोडलेलं हाड हलायचं थांबलं की निम्मं दुखणं तिथंच थांबतं. त्याला ना गोळी लागते ना फवारा.

"बाबा, फोटो काढायला हवा," ती म्हणाली. गेटच्या आत "बाबा" म्हणाली, यावरूनच समजा.

तेवढ्यात सुपरवायझर साहेब आले. हात पाहिला नाही, आधी झोळी पाहिली. "काय झालं? बरं, बरं. हे बघा मॅडम, निर्णय तुमचा. मी काही दबाव टाकत नाही हं." एवढं बोलून ते पाटीखाली जाऊन उभे राहिले. ते दबाव कशाला टाकतील? दबाव तिथं खिळ्याला टांगलेलाच होता.

काकांनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग म्हणाले, "ते फडकं ठेव आत. हात गळ्यात घेऊन फिरलो तर गेटवरून दिसेन. फवारा मार."

"फवाऱ्यानं हाड जुळत नाही, बाबा."

"हाड मोडलंय हे कुणी सांगितलं तुला? तू काय डॉक्टर आहेस? मुरगळलंय. मार म्हणतो ना."

तिला माहीत होतं. हे मी शपथेवर सांगेन, तिला माहीत होतं. मग तिनं झोळी घडी न मोडताच पुन्हा आत ठेवली आणि फवारा उचलला.

फुस्स. गार वास पसरला. काकांनी मनगट हलवून दाखवलं. "बघ, गेलं की नाही!" वरून पट्टी गुंडाळली, त्यावर सदऱ्याची बाही ओढून बटण लावलं, एक गोळी पाण्याबरोबर घेतली आणि काका कामाला लागले. पाटी शाबूत राहिली. दुखणं कुठंही गेलं नव्हतं, फक्त त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. औषध निवडताना त्या दोघांनी एकच गोष्ट पाहिली: कुठलं दिसत नाही.

मला राग कुणाचा आला सांगू? साहेबांचा नाही. त्यांच्याकडून माझी काही अपेक्षाच नव्हती. राग आला तो लेकीचा. अजून येतो.

पुढचे छप्पन्न दिवस मी मोजले. रोज सकाळी ती आकडा बदलायची आणि मग मला उघडायची. आधी दिवसाला एक गोळी होती, आठवड्यात दोन झाल्या, मग तीन. माझ्याकडच्या गोळ्या पाचव्या दिवशी संपल्या, तेव्हा ती स्वतःच्या पर्समधून आणून माझ्यात ठेवायला लागली. पेटीतून काय दिलं, कुणाला, कशासाठी, हे लिहायची एक वहीही माझ्यात असते. त्या वहीचं पान कोरंच राहिलं. काकांना पोटात जळजळायला लागलं, त्यासाठी दुसरी गोळी आली. बायकोला वाटलं गार वारं बाधलं, ती बिचारी रोज संध्याकाळी गरम पाण्यानं शेकत होती.

आणि तो हात? जेवणाच्या सुट्टीत काका माझ्याखालच्या बाकावर बसायचे. एकदा त्यांना डब्याचं झाकण उघडेना. दोनदा प्रयत्न केला, मग डबा बाजूला ठेवून म्हणाले, "भूक नाही आज." लेकीनं झाकण उघडून डबा त्यांच्यापुढे सरकवला. दुसऱ्या दिवसापासून ती झाकण सैल करूनच आणायची. पटाशी दोनदा हातातून सुटली. बारीक खाचा ते शेजारच्या कारागिराला करायला सांगू लागले, "तुझाही हात बसू दे जरा," असं म्हणून. त्याला वाटलं, काका मोठ्या मनाचे. मला मात्र माझ्या कोपऱ्यांत कळ उठल्यासारखं व्हायचं.

पाटीवर तीनशे चाळीस लागले त्या सकाळी लेक सगळ्यांच्या आधी आली. मला उघडलं, कापूस उपसला, कार्ड काढलं आणि ते वाक्य बोट ठेवून वाचलं. काका आले तेव्हा ते तिच्या हातातच होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"बाबा, आज जाऊया. नको मला ती नोकरी."

"वेडी आहेस का? पंचवीस दिवस राहिलेत. पस्तीस वर्षं टिकलेला हात आहे, पंचवीस दिवसांत काय होतंय त्याला?"

"खरंच दुखत नाही?"

"तुझ्या गोळीनं नाही दुखत."

तिनं कार्ड परत ठेवलं. तिचा विश्वास बसला नव्हता, तिनं तो बसवून घेतला होता. तेव्हा माझं दार कुणाच्या तरी बोटांवर आपटता आलं असतं तर मी आपटलं असतं.

तीनशे पासष्ट. फुगे लावले, सतरंज्या घातल्या. मोठ्या कंपनीचे तीन पाहुणे आले. त्यातल्या एकानं मला उघडून पाहिलं. बाटल्या भरलेल्या, कापूस पांढराशुभ्र. त्यानं झोळी उचलली आणि सगळ्यांना दाखवली. "वा! घडीसुद्धा मोडलेली नाही. याला म्हणतात सुरक्षित कारखाना." टाळ्या झाल्या. काका मागच्या रांगेत होते. त्यांना दोन्ही हातांनी टाळी वाजवता येईना, म्हणून ते डाव्या हातानं मांडीवर थापट्या मारत होते. आणि हसत होते, कारण समोर लेकीला कायम झाल्याचं पत्र मिळत होतं. त्या दिवशी माझ्या दारावर "उत्कृष्ट" असा एक गोल कागद चिकटवला गेला. आजही आहे तो, कडा सुटल्यात.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. काय झालं ते तिनं माझ्यासमोरच साहेबांना सांगितलं, म्हणून मला कळलं. मनगटातलं एक लहानसं हाड मोडून त्याचे दोन तुकडे झाले होते. त्यातल्या एका तुकड्याला रक्तच पोचलं नव्हतं, तो सुकत चालला होता. पहिल्या आठवड्यात प्लास्टर घातलं असतं तर बहुतेक जुळलं असतं, डॉक्टर म्हणाले. आता ऑपरेशन, आणि तरीही हातात पूर्वीचा जोर येईल असं सांगता येत नाही.

"कधी पडलात?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"परवा. घरी, बाथरूममध्ये," काका म्हणाले होते.

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. "हे परवाचं नाही, काका." लेक शेजारीच उभी होती. ती गप्प राहिली. हे सांगतानाही तिनं मान वर केली नाही. साहेब म्हणाले, "वाईट झालं. पण घरीच पडले ना? मग ठीक आहे." आणि पाटीवर तीनशे सहासष्ट लागले.

अडीच महिन्यांनी काका परत आले. पटाशी त्यांनी एकदा हातात घेतली, अंगठा टेकवला आणि खाली ठेवली. कुणी पाहिलं नाही असं त्यांना वाटलं. मग साहेबांनी त्यांना माझ्याशेजारी एक स्टूल दिलं. खिळे-स्क्रू मोजून द्यायचे आणि पेटी सांभाळायची. लेक आता वरच्या ऑफिसात कायमची मॅडम झाली होती, त्यामुळे माझी किल्ली काकांकडे आली. ज्या हातानं मला घडवलं त्या हाताला माझं कुलूप उघडताना दोन वेळा किल्ली फिरवावी लागायची. शेवटी ते डाव्या हातानं उघडायला शिकले.

संध्याकाळी मात्र लेक वरून खाली यायची, काका पिशवी घ्यायचे, डाव्या खांद्यावर, आणि म्हणायचे, "चल चिमणे." तेवढं राहिलं होतं. त्यांनी तिला एका शब्दानं बोल लावला नाही. तिनंही कधी विषय काढला नाही. माझ्या मते तिनं काढायला हवा होता.

पाटीवर चारशे अठ्ठ्याण्णव होते, तेव्हा पॉलिशवाल्या मावशी पडल्या. मावशी म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यात तोंडाळ बाई. पायरी चुकली आणि हात टेकला. डावा हात छातीशी धरून आल्या आणि यायच्या आधीच बोलायला सुरुवात. "काका, मारा पटकन फवारा. दोन दिवसांनी पाचशे भरतायत, माझ्या पायी नको बाई घोळ. सगळे माझ्या नावानं खडे फोडतील."

काका उठले. त्यांनी फवाऱ्याला हात लावला नाही. मावशींचं मनगट घेतलं आणि अंगठ्याच्या बुडाशी दाबलं.

"अगं आई गं! दाबताय काय एवढ्या जोरानं!"

"दुखलं?"

"दुखलं म्हणजे? जीव गेला माझा!"

काकांनी माझ्या पोटातून झोळी काढली. आजवर एकदाही न मोडलेली ती घडी त्यांनी झटका देऊन मोडली. उजव्या हातानं गाठ बसेना, म्हणून एक टोक दातांत धरलं आणि डाव्या हातानं ओढलं. मावशींचा हात गळ्यात अडकला. मावशी चक्क गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "अगंबाई, बांधल्यावर बरं वाटतंय की."

"वाटणारच. आता गाडीत बसा आणि थेट दवाखाना. फोटो काढल्याशिवाय घरीसुद्धा जायचं नाही."

मावशी गेल्या. काका पाटीसमोर उभे राहिले. एकेक करून तिन्ही पत्रे काढले आणि मधल्या खिळ्याला शून्य लावलं. करवती थांबल्या. सगळा विभाग बघत होता. मी इतकी वर्षं भिंतीवर आहे, एवढी शांतता मी तिथं कधी ऐकली नाही. मला वाटलं, आता काहीतरी सुरू होईल.

साहेब धावत आले. "काका, हा अधिकार तुम्हाला दिला कुणी? पाचशेला लोक बोलावलेत!" काका स्टुलावर जाऊन बसले. साहेबांनी वरून मॅडमना बोलावलं. "मॅडम, मावशींची रजा घरगुती कारणासाठी दाखवा. आणि ही पाटी नीट करा. निर्णय तुमचा, मी दबाव टाकत नाही." आणि निघून गेले.

लेक माझ्यासमोर उभी राहिली. ती आता कायम होती. तिला कुणी काढणार नव्हतं, बोलणी बसली असती एवढंच. तिनं बापाकडे पाहिलं. "बाबा, दोनच दिवसांचा प्रश्न आहे. मावशी तर गेल्या ना दवाखान्यात? मग आकड्यानं काय फरक पडतो?"

काकांचा उजवा हात मांडीवर होता, उताणा.

तिनं शून्य काढलं. चार लावला, नऊ लावला. आठाचा पत्रा तिच्या हातातून निसटून खाली पडला, मोठ्यानं वाजला. काका वाकले, डाव्या हातानं तो उचलला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो लावला.

मावशींच्या हाडाला चीर होती. सहा आठवडे प्लास्टर, आणि आता पहिल्यासारख्या पॉलिश मारतात, पहिल्यासारख्या बोलतात. त्यांना पाहिलं की मला बरंही वाटतं आणि कसंनुसंही होतं. काका त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत, स्वतःहून घरी बसले. माझी किल्ली आता एका खिळ्याला लोंबकळत असते. कार्ड पुन्हा कापसाखाली आहे. नवी झोळी आली, घडीची. नवा फवाराही आला, मोठा. पाटी सातशेच्या पुढं गेली आहे.

मी लाकडाची आहे, मला काय दुखणार? पण तुम्हाला दुखेल. तुम्ही अशाच एखाद्या पेटीसमोर हात धरून उभे राहाल, तेव्हा एवढंच करा. यानं दुखणं कमी होईल की नुसतं लपेल, हे आधी विचारा. आणि तुमच्यापुढे दुसऱ्या कुणाचा हात असेल, तर भिंतीकडे बघू नका, त्या हाताकडे बघा. माझ्यात चांगल्या वस्तू आहेत हो. निवडणारा माझ्या हातात नाही.

त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलंच. चारशे अठ्ठ्याण्णव पुन्हा लागले, त्या संध्याकाळी भोंगा झाला. लेक नेहमीसारखी माझ्यासमोर येऊन थांबली आणि तिनं खांद्यावरची पिशवी काढून पुढे केली. काका स्टुलावरून उठले. पिशवीकडे त्यांनी पाहिलं, पण घेतली नाही. दाराकडे वळले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "चला, मॅडम."